आधी जनावर दाखवा

माझा थोरला भाऊ गावच्या ग्रामपंचायतीत शिपाई होता. पाणी सोडणं, दिवे लावणं, दवंडी देणं ही कामं तो करायचा. कोंडवाडा मात्र तो चालवायचा. दुसऱ्याच्या पिकात शिरलेलं जनावर आणून त्या दगडी आवारात कोंडायचं आणि मालकाने दंड भरला की सोडायचं, एवढंच ते काम. पण दादा ते असं करायचा की कोंडवाड्यातली म्हैससुद्धा त्याच्यासमोर शेपटी हलवताना विचार करत असावी.

वहिनी लग्न होऊन आली त्याच वर्षी तिची माहेरून आणलेली शेळी शाळेच्या बागेत शिरली. दादाने तिला धरली आणि कोंडली. वहिनी अंडी विकून जमवलेले पैसे पदरात बांधून कोंडवाड्यावर गेली, तर दादा तिला म्हणतो, “बाई, तुमची शेळी कंची? आधी वळख पटवा.” सकाळी जिच्या हातची भाकरी खाल्ली तिला तो ‘बाई’ म्हणाला. वहिनीने भिंतीआडून हाक मारली, शेळी आतून ओरडली आणि दाराशी आली. मग दादाने दंड घेतला, पावती फाडली, शेळी सोडली आणि संध्याकाळी नेहमीच्या वेळेला जेवायला बसला. वहिनी त्याच्याशी आठ दिवस बोलली नाही. त्याला वाटलं तिचा घसा बसलाय.

हे सगळं वहिनीनेच मला सांगितलं, आणि एकदा नाही. मी नसरापूरला दिलेली, आमचं भांड्यांचं दुकान आहे. ती बाजाराला आली की दुकानात टेकायची आणि चहा होईपर्यंत हीच गोष्ट सांगायची. मला ती पाठ होती. तिचा उपयोग होईल असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

दादा निवृत्त झाला त्या दिवशी पंचायतीत निरोपाचा कार्यक्रम ठरला होता, पण सभेला पुरेशी माणसं जमली नाहीत म्हणून तो तहकूब झाला. तहकूब सभेची दवंडी दादानेच दिली. पुढे फंडाची रक्कम हातात आली. ती किती होती ते मी सांगत नाही. गावात तीन वेगवेगळे आकडे फिरतात आणि तिन्ही चूक आहेत.

महिन्याभरात लांबच्या नात्यातला एक पाहुणा घरी आला. हायवेच्या कडेला एका मंगल कार्यालयात कार्यक्रम आहे, जेवण आहे, या म्हणाला. कार्यालय माझ्या घराजवळ, म्हणून दादा मलाही घेऊन गेला. उन्हाळ्याच्या दिवसांत कोट घातलेला एक माणूस स्टेजवर उभा होता. तो क्रिप्टोबद्दल बोलत होता. एक नवीन नाणं निघालंय, हातात धरता येत नाही, मोबाईलमध्ये असतं, रोज वाढतं, कमी होत नाही. मी हात वर करून विचारलं, भाव पडला तर काय? तो म्हणाला, “ताई, नकारात्मक विचार घरी ठेवून यायचे असतात.” सगळं कार्यालय हसलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण पुरी वाढायला सुरुवात झाली होती.

जेवणाआधी त्यांनी काही लोकांचे सत्कार केले. त्यात दादाचं नाव पुकारलं. निष्कलंक सेवेबद्दल शाल, श्रीफळ आणि फेटा. पाहुण्याने सगळी माहिती पुरवलेली असणार हे मला तिथेच कळलं. दादाला कळलं नाही, कारण त्याचे डोळे भरून आले होते. इतक्या वर्षांत त्याच्या डोक्याला पहिल्यांदाच कुणी फेटा बांधत होतं. आमच्याकडे ज्याने आपल्याला फेटा बांधला त्याला आपण हिशेब विचारत नाही. तसं करणं असभ्य समजतात. माझं स्पष्ट मत आहे की दादाचे पैसे त्या फेट्यातच गेले. मोबाईलचं काम नंतरचं.

त्या ॲपची लिंक पाहुण्याने मेसेजमधून पाठवली. मोबाईलमधल्या ॲपच्या नेहमीच्या दुकानात ते मिळत नव्हतं. असं का, विचारलं तर म्हणाला, ते फक्त खास लोकांसाठी आहे. बँकेतून पैसे पाठवताना कुणी विचारलं तर घरकामासाठी म्हणून सांगा, असंही त्याने शिकवून ठेवलं. जन्मात खोटं न बोललेला माझा भाऊ बँकेत जाऊन घरकामासाठी म्हणाला. मी म्हटलं, “दादा, चांगल्या कामाला खोटं कशाला लागतं?” तो म्हणाला, “तुला त्यातलं कळत न्हाई.” बहिणीचं ऐकायचं ते राखीपौर्णिमेला, आणि तेही ताट कुठे ठेवायचं एवढ्यापुरतं.

आमच्या गावात मोबाईलला रेंज येते ती कोंडवाड्याच्या दारातल्या दगडी पायरीवर. कोंडवाडा आता बंदच आहे. लोकांनी जनावरं कमी केली आणि उरलेली जनावरं शहाणी झाली. आत पंचायतीचे मोडके बाक आणि जुने पाइप पडलेत. दादा रोज सकाळी अंघोळ करून त्या पायरीवर उभा राहायचा आणि आपलं नाणं बघायचा. आकडा रोज वाढलेला असायचा. पावसात वाढायचा, सुतकात वाढायचा, रविवारीही वाढायचा. एकदा त्याने थोडे पैसे काढूनही बघितले. ते खरंच खात्यात आले. त्यातून त्याने माझ्याच दुकानातून कुकर घेतला, सवलत नको म्हणाला, आणि शिट्टी दोनदा काढून-बसवून बघत माझ्याकडे पाहिलं. गळाला लावलेलं गांडूळसुद्धा खरंच असतं, हे मला तेव्हा सुचलं असतं तर बरं झालं असतं. ते चार दिवसांनी सुचलं.

आणखी माणसं आणली तर बक्षीस होतं. दादाने प्रयत्न केला. पण तो प्रत्येकाकडे रेशनकार्डाची झेरॉक्स आणि दोन साक्षीदार मागायचा. कंपनीला त्यातलं काही नको होतं, ते दादाला हवं होतं. त्यामुळे गावातलं एकही माणूस त्यात शिरलं नाही. एका माणसाच्या काटेकोरपणामुळे गाव कसा वाचला हे गावाला अजून माहीत नाही.

आणि ती मुलगी. कंपनीची मुलगी रोज सकाळी फोन करायची. दादाला ‘बाबा’ म्हणायची. “बाबा, जेवलात का? गुडघा कसा आहे? गोळी घेतली का?” दादाचा मुलगा पुण्यात कंपनीत कामाला. त्याचा फोन पगार होईपर्यंत यायचा नाही आणि पगार झाल्यावर त्याला आठवायचा नाही. त्यामुळे आठ वाजता पायरीवर उभं राहायला दादाला दोन कारणं झाली. नाण्याचं कारण तो सगळ्यांना सांगायचा.

दिवाळीनंतर घरावर स्लॅब टाकायचं त्याच्या मनात आलं. त्याने सगळे पैसे काढायला घेतले. ॲपमध्ये लाल अक्षरं आली. रक्कम अडकली आहे, सोडवायची तर आधी शुल्क भरा. हे कळल्यावर कुणीही हादरला असता. दादा खूश झाला. मुद्दाम एसटीने नसरापूरला येऊन त्याने मला सांगितलं, “बघ. तू म्हनत हुतीस ना, बोगस हाय? समदं नियमानं चाललंय. सोडवनूक शुल्क हाय!”

मी म्हटलं, “अरे, आपलेच पैसे सोडवायला आपणच पैसे भरायचे?”

“मंग? कोंडवाड्यात लोकं काय भरत हुती? आपलंच जनावर सोडवाया आपनच दंड भरतो. म्या जलमभर घेतलाय.”

ज्या माणसाने आयुष्यभर लोकांकडून सुटकेचे पैसे घेतले, त्याला कुणी सुटकेचे पैसे मागितले तर तो चोर कसा वाटणार? त्याला तो सहकारीच वाटणार. त्याने शुल्क भरलं. मग कर आला, तोही भरला. मग कर उशिरा भरल्याचा दंड आला. हा दंड बघून त्याचा विश्वास पूर्ण बसला. फंडातलं उरलंसुरलं त्यात गेलं. तरी शेवटचा एक हप्ता राहिला, आणि तो शुक्रवारपर्यंत भरला नाही तर सगळी रक्कम जप्त, असं त्या मुलीने सांगितलं. सांगताना ती रडली म्हणे.

घरात आता विकण्यासारखं एकच होतं. वहिनीच्या शेळ्या.

त्या शेळ्या वहिनीच्याच. कोंडवाड्यात गेलेल्या त्या पहिल्या शेळीचा वंश. घरातला किराणा, मुलाचं कॉलेज, दादाच्या गुडघ्याचे एक्स-रे, सगळं त्या शेळ्यांवर निघालेलं. दादाला त्यांची संख्यासुद्धा नीट माहीत नव्हती. पण गुरुवारी सकाळी त्याने व्यापाऱ्याला टेम्पो घेऊन बोलावलं आणि बुधवारी रात्री जेवताना वहिनीला सांगितलं, चार दिवसांचा प्रश्न आहे, पैसे सुटले की दुप्पट शेळ्या घेऊ. वहिनी काही बोलली नाही. त्याला वाटलं तिला पटलं.

गुरुवारी उजाडताना माझ्या दारात टेम्पो थांबला. मागे शेळ्या, पुढे ड्रायव्हरशेजारी वहिनी. तिने वेल्ह्याच्या बाजूने नसरापूरला दूध आणणाऱ्या टेम्पोत त्या भरून आणल्या होत्या. ती खाली उतरली आणि म्हणाली, “वन्सं, ह्या हितं ऱ्हाऊ द्या. आन तुमी माज्यासंगं चला. साक्षीदार पायजे.”

माझ्या नवऱ्याने अंगणातल्या शेळ्यांकडे पाहिलं, कढीपत्त्याच्या झाडाकडे पाहिलं आणि विचारलं, “दुपारपर्यंत ना?” मी हो म्हटलं. दुपारपर्यंत तो कढीपत्ता राहिला नाही, आणि नवीन ताटांचे दोन खोकेही.

त्याच टेम्पोने आम्ही गावात गेलो. वहिनी घरी न जाता थेट कोंडवाड्यावर गेली. त्याच्या लोखंडी दारावर तिने पहाटेच ताडपत्री बांधून ठेवली होती आणि दाराला घरचं कुलूप लावलं होतं. भिंत पुरुषभर उंचीची, आतलं काही दिसत नव्हतं. ती पायरीवर बसली, पदर खोचला, आणि आम्ही वाट पाहू लागलो.

दादा आला तो तरातरा. मागून व्यापारी. “अगं, शेळ्या कुठं हायत?”

“साळंच्या बागेत शिरल्या,” वहिनी म्हणाली. “कोंडल्यात.”

दादाचा चेहरा बदलला. त्याची पाठ ताठ झाली. मी शपथेवर सांगते, इतक्या संकटातही त्या माणसाला आधी बरं वाटलं, की कोंडवाडा सुरू झाला.

“कुनी कोंडल्या?”

“म्या. मालक, दंड भरा आन घिऊन जावा.”

दादाचा हात खिशाकडे गेला. खरंच गेला. खिशात जेमतेम दंडापुरते असतील. मला इतका राग आला की मी ताडपत्री फाडायला निघाले होते, पण वहिनीने माझं मनगट धरलं.

“पावती?” दादा म्हणाला.

“पावती मागनं. दंडाच्या वर अजून येक शुल्क हाय, त्ये भरल्यावं.”

“आं?”

“आन मालक, आनंदाची बातमी हाय. शेळ्या आत लई वाढल्यात. येकीच्या चार-चार झाल्यात.”

“रात्रीत?”

“रात्रीत. रोज वाढत्यात. कमी हुयाच न्हाईत.”

व्यापाऱ्याने डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. दादा वहिनीकडे बघत राहिला. आणि मग त्याच्या तोंडून ते निघालं, आपोआप, जसं पस्तीस वर्षं निघत होतं:

“आधी जनावर दाखवा. वळख पटल्याबगार दंड घ्येत न्हाईत.”

“दाखवता यायचं न्हाई. सिस्टीम हाय.”

“आसं कुठं आस्तंय का! जनावर दिसाया पायजे, मालकानं हाक मारली तर आतनं वराडाया पायजे, मंगच दंड! नियम हाय त्यो!” दादा पायरी चढला आणि ताडपत्रीला कान लावून उभा राहिला. आम्हीही ऐकत राहिलो. लांब ओढ्याकडे कुणीतरी मोटर चालू केली होती, तेवढाच आवाज.

“हितं आत जनावर न्हाई,” दादा हळूच म्हणाला.

वहिनी उठली. “मंग त्या मोबाईलमधी कुठं हाय?”

दादाने पायरीवरच बसून घेतलं. आठ वाजले असावेत, कारण तेवढ्यात फोन वाजला. तीच मुलगी. दादाने स्पीकर लावला.

“पोरी,” तो म्हणाला, “माजं नानं मला दाखीव.”

“बाबा, ॲपमध्ये दिसतंय ना.”

“त्ये चित्र झालं. थोडं सोड. तुमचा जो काय दंड आसंल त्यो त्याच्यातनंच कापून घे. कोंडवाड्यातसुदा मालकानं दंड न्हाई भरला तर लिलाव करत्यात, दंड वळता करून घेत्यात आन उरल्यालं मालकाला देत्यात. तुमाला काय अडचन हाय?”

“बाबा, सिस्टीममध्ये तसं होत नाही.”

“मंग तुमच्याकडं माजं काय न्हाईच,” दादा म्हणाला. त्याने ते भांडणाच्या सुरात म्हटलं नाही. पूर्वी लोकांना सांगायचा तसं म्हटलं, तुमची गाय इथं नाही, दुसऱ्या गावात बघा. पलीकडून फोन कट झाला.

व्यापारी रिकामा टेम्पो घेऊन गेला. त्याने डिझेलचे पैसेही मागितले नाहीत. आम्ही तिघं वेल्ह्याला जाऊन पोलिसांत तक्रार दिली. तिथल्या माणसाने सगळं शांतपणे लिहून घेतलं, सायबरची तक्रारही ऑनलाइन भरून दिली आणि म्हणाला, पहिला हप्ता गेला त्याच दिवशी आला असतात तर बँकेत पैसे थोपवता आले असते. आता आशा धरू नका. दादाने मान हलवली. पाहुण्याचा फोन बंद आहे, तो अजूनही बंद आहे.

परतताना एसटीत दादा खिडकीशी बसला होता. मी आणि वहिनी मागच्या सीटवर. मार्गासनीच्या पुढे गाडी आली तेव्हा तो मागे न वळता म्हणाला, “आज तिनं इचारलंच न्हाई. जेवला का म्हनून.”

पैशांचं त्याने त्या दिवशी नाव काढलं नाही. मला रडू आलं. इतके महिने मी त्या मुलीला शिव्या देत होते, आताही देते, पण माझ्या भावाला काय विकलं गेलं ते मला त्या एसटीत कळलं. वहिनीने पदराने त्याच्या सीटची मागची पट्टी उगाचच पुसली.

पंधरा दिवसांनी दादाला एका वकिलाचा फोन आला. तुमचे बुडालेले पैसे आम्ही सोडवून देतो, फक्त आधी थोडी फी. दादा म्हणाला, “आधी जनावर दाखवा,” आणि फोन ठेवला. आता गावात कुणी मोबाईलवर काही दामदुप्पट सांगायला लागलं की पोरंसुद्धा तेच म्हणतात. माझ्या दुकानात एका बाईने कुकर घेताना खोक्यावरच्या चित्राकडे बोट दाखवून तेच म्हटलं. मी खोका फोडून दाखवला.

मागच्या आठवड्यात मी गावी गेले होते. दुपारची वेळ. वहिनी शेळ्या घेऊन वरच्या माळाला गेलेली, दादाचं ताट वाढून झाकून. दादा जेवून ओट्यावर बसला, मग उठला आणि म्हणाला, “चल, येतो जरा जाऊन.” तो कोंडवाड्याच्या पायरीवर जाऊन उभा राहिला. मी मागेच होते. मोबाईल हातात. आता हा काय उघडतो म्हणून मी बघत होते, तर फोनच वाजला. मुलाने जुना मोबाईल वहिनीला दिलाय, आणि माळावर रेंज चांगली येते.

“जेवला का?” पलीकडून वहिनी.

“तूच वाढून गेलीस की.”

“म्हनून इचारतीया. गोळी घेतली?”

“घेतली.” मग घसा साफ करून, कामावर असल्यासारखा दादा म्हणाला, “बाई, जनावरं कुठं हायत?”

वहिनीने मोबाईल शेळ्यांकडे धरला असावा, कारण आधी वारा ऐकू आला, मग एक शेळी ओरडली, मग दुसरी, मग सगळ्या. दादा फोन कानाला घट्ट लावून, डोळे मिटून उभा होता आणि बोटांवर मोजत होता.

“येक कमी भरतीया,” तो म्हणाला.

“ती पानी पेतीया,” वहिनी म्हणाली. “थांबा. हाक मारा तिला.”